निदान पान तरी उलटून बघा

लहानपणी एक कोडं घालण्याची पद्धत होती. भाकरी का करपली, घोडा का अडला आणि विड्याची पानं का कुजली, या तिन्ही प्रश्नांना मिळून उत्तर एकच द्यायचं. उत्तर होतं, न फिरवल्यामुळे. ज्या पिढीनं हे कोडं सोडवलं तिच्या मनावर त्याचा कायमचा परिणाम झाला. जगात प्रश्न कितीही असोत, उत्तर एकच असतं आणि ते आपल्याला ठाऊक असतं, असा तिचा पक्का समज होऊन बसला. हल्लीच्या पोरांना हे कोडं ठाऊक नाही, पण समज मात्र त्यांच्याकडं वारसाहक्कानं आलेला दिसतो.

ज्याला हा समज दूर करून घ्यायचा असेल त्यानं दारात एक लिंबाचं झाड लावावं. ते या कोड्याच्या बरोब्बर उलट वागतं. त्याचा प्रश्न एकच असतो. पान पिवळं का पडलं? आणि उत्तरं मोजायला बसलात तर हाताची बोटं पुरत नाहीत. पाणी जास्त झालं. पाणी कमी झालं. नत्र कमी पडलं, लोह कमी पडलं, जस्त कमी पडलं, मॅग्नेशियम कमी पडलं. मुळं कुजली. कुंडी अपुरी पडू लागली. कोळी लागला. थंडी बाधली. किंवा यांतलं काहीही झालं नाही, पानाचं वय झालं. कारण सदाहरित झाड म्हणजे ज्याचं पान कधी गळतच नाही असं नव्हे. लिंबाचं पानही वर्ष-दोन वर्षं नोकरी करून रीतसर पिवळं होतं आणि निवृत्त होतं. सगळी पानं एकाच दिवशी निवृत्त होत नाहीत, म्हणून कचेरी चालू दिसते, एवढंच.

आपल्या भाषेत 'निदान' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक वैद्याचा : दुखण्याचं मूळ ओळखणं. दुसरा आईचा : 'निदान दूध तरी पिऊन जा.' पहिल्या निदानाला विद्या लागते, दुसऱ्याला माया. माझं निरीक्षण असं की पहिलं निदान करणाऱ्यांची आपल्याकडं कधीच वानवा पडली नाही. टंचाई आहे ती दुसऱ्याची. आणि लिंबाच्या पिवळ्या पानांकडं बघताबघता मला जो प्रश्न पडला तो खरं म्हणजे बागकामातला नाहीच. तो असा, की दुसऱ्याच्या सुकण्याचं कारण सांगण्याचा अधिकार माणसाला केव्हा येतो?

प्रश्न जड वाटला तर घाबरू नका. आधी झाड दाखवतो.

आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या आवारात, पाण्याच्या टाकीशेजारी, एक कागदी लिंबाचं झाड आहे. वय वर्षं नऊ. सोसायटीतल्या प्रत्येक घरानं त्याचं लिंबू कधी ना कधी सरबतात, पोह्यांवर किंवा नव्या गाडीच्या चाकाखाली वापरलेलं आहे. गेल्या पावसाळ्यानंतर ते झाड पिवळं दिसू लागलं आणि येताजाता जो तो निदान करू लागला. पहिल्या अर्थानं.

या मंडळींत दोन मुख्य पंथ होते. एक 'पाणी जास्त झालं' म्हणणारा आणि दुसरा 'पाणी कमी झालं' म्हणणारा. दोन्ही पंथ एकाच पानाकडं बोट दाखवत. गंमत म्हणजे ही दोन्ही दुखणी पानावर सारखीच दिसतात. पाणी कमी पडलं की पान मान टाकतं. पाणी फार झालं की मातीतली हवा निघून जाते, मुळं गुदमरतात, गुदमरलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, आणि पान पुन्हा तशीच मान टाकतं. बुडणाऱ्याचा आणि तहानलेल्याचा चेहरा एकसारखा! फरक कळायचा तर एक बोट दोन पेरं मातीत घालून बघावं लागतं. पण दोन्ही पंथांत मिळून एकाचंही बोट मातीत गेलेलं मला दिसलं नाही. ती बोटं झाडाकडं, आकाशाकडं आणि माळ्याकडं दाखवण्यात गुंतलेली होती.

दुसरं असं की माणूस झाडाचं निदान करतोय असं आपल्याला वाटतं, पण पुष्कळदा तो स्वतःचंच दुखणं सांगत असतो. तळमजल्यावरच्या आजोबांना पित्ताचा त्रास आहे. त्यांच्या मते झाडाला उष्णता झाली होती. बँकेतून निवृत्त झालेल्या शेजाऱ्यांना कुठंतरी तूट दिसत होती. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या मुलानं नुकतंच वेगळं बिऱ्हाड केलं. 'त्याला एकटं पडल्यासारखं झालंय हो,' असं त्या झाडाबद्दल म्हणाल्या आणि आम्ही कुणी वाद घातला नाही. आजोबांना तर मुळीच हसू नका. सुरपालाच्या 'वृक्षायुर्वेद' या संस्कृत ग्रंथात झाडांनाही वात, पित्त, कफ सांगितले आहेत. तेव्हा आजोबांच्या मागं कित्येक शतकांची परंपरा उभी होती. बँकवाल्यांच्या मागं नुसतं पासबुक.

तिसरा वर्ग कारणाच्या भानगडीत न पडता थेट औषधावर येणारा. ताक ओता. चहाचा चोथा घाला. अंड्याची टरफलं चुरून टाका. बुंध्याशी गंजके खिळे पुरा. या खिळ्यांचं तत्त्व ऐकायला बिनतोड आहे. झाडाला लोह हवं, खिळा लोखंडाचा, मग अडलं कुठं? अडतं ते इतकंच, की झाडाचं मूळ पाण्यात विरघळलेलं लोह पितं, ते खिळे चावत नाही. गंज पाण्यात सहजी विरघळत नाही, आणि चुनखडीच्या मातीत तर नाहीच नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलानं मोबाईलवर फोटो काढून यंत्राला विचारलं. सकाळच्या उन्हातल्या फोटोला यंत्रानं एक रोग सांगितला, संध्याकाळच्या फोटोला दुसरा. पण यंत्र निदान आपल्या खात्रीचे टक्के तरी सांगत होतं. माणसं शंभराच्या खाली यायला तयार नव्हती.

खुद्द माळीमामांचंही एक निदान होतं. नजर. त्यांनी फांदीला एक काळी बाहुली बांधून ठेवली होती.

इथवर सगळं करमणुकीचं होतं. पण निदानाला एक वाईट खोड असते. ते फार वेळ नुसतं कारण म्हणून राहत नाही. त्याला हातपाय फुटतात, मग नावगाव फुटतं. पाणी जास्त झालं? मग घातलं कुणी? पाणी कमी झालं? मग घातलं नाही कुणी? ज्या दोन पंथांचं एरवी पाणीपट्टीवरसुद्धा एकमत होत नाही, त्यांचं इथं झालं. माळ्यानं!

कार्यकारिणीच्या मासिक सभेत विषय क्रमांक पाच आला : 'आवारातील लिंबाच्या झाडाच्या दुरवस्थेस माळी यांचा हलगर्जीपणा कारणीभूत असल्याचे दिसून येत असल्याने त्यांचे काम महिनाअखेर बंद करण्याबाबत विचार करणे.' माळीमामा सकाळी दोन तास येतात. अशा चार सोसायट्या ते करतात. त्यांच्या महिन्याच्या हिशेबात आमच्या सोसायटीचा पगार म्हणजे त्यांच्या खोलीचं भाडं. त्यांना सभेत बोलावलं होतं. ते दाराशी चपला काढून उभे राहिले.

'मामा, झाडाला पाणी किती घालता?' सेक्रेटरींनी विचारलं.

'तुमी सांगितलं तेवढंच घालतो, साहेब.'

उत्तर शंभर टक्के खरं होतं. पण खऱ्या उत्तरात एक उर्मटपणाचा वास येतो, विशेषतः ते दाराशी उभ्या असलेल्या माणसानं दिलं तर. सभेत कुजबूज झाली. मी विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब ठेवावा अशी सूचना मांडली. तहकुबीला आमच्या सोसायटीत कधीच विरोध होत नाही, कारण तेवढ्यात चहा आलेला असतो.

त्या सुमारास माझी भाची दिवाळीच्या सुट्टीसाठी आमच्याकडं आली होती. ती कृषी महाविद्यालयात शिकते. तिला मी झाडाची आणि सभेची सगळी हकिगत सांगितली आणि तिचं मत विचारलं. ती म्हणाली, 'मामा, आधी बघू तर.' महिनाभर चाललेल्या त्या चर्चेत 'बघू' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

झाडाशी ती पंधरा-वीस मिनिटं होती. तेवढ्या वेळात तिनं एकही विधान केलं नाही. आपल्यासारख्या माणसाला हे किती अवघड जातं ते करून बघा. तिचे सगळे प्रश्न होते, आणि तेही झाडाला विचारल्यासारखे.

पहिला प्रश्न. पिवळं पडलेलं पान जुनं आहे की नवं? यात एवढं काय, असं मला वाटलं. मग तिनं समजावलं. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं नत्र काढून शेंड्याच्या कोवळ्या पानांकडं पाठवतं. म्हणून खालची, जुनी पानं आधी पिवळी होतात. म्हणजे आपल्या घरातल्यासारखंच. ताटात कमी पडलं की आधी आजी म्हणते, मला आज भूक नाही. लोहाचं मात्र तसं नाही. ते एकदा ज्या पानात गेलं त्या पानात बसलं. जुन्या पानांनी कितीही मनात आणलं तरी ते नव्यांना देता येत नाही. त्यामुळं लोहाची टंचाई झाली की जुनी पानं हिरवीगार आणि कोवळी पानं पिवळी, असं विपरीत दिसतं. नुसतं 'पान पिवळं पडलं' या वाक्याला म्हणूनच काही अर्थ नाही. घरात कोण सुकलंय, म्हातारं की पोर, हे आधी बघावं लागतं.

दुसरा प्रश्न. शिरा हिरव्या आहेत का? पान पिवळं पण शिरांची बारीक हिरवी जाळी तशीच, तर लोहाकडं बोट जातं. पानं लहान, अरुंद आणि शिरांच्या मधे पिवळे पट्टे, तर जस्ताकडं. जुन्या पानाच्या देठाशी हिरवा त्रिकोण उरून बाकीचं पिवळं, तर मॅग्नेशियमकडं.

तिसरा प्रश्न. पानाच्या दोन्ही अर्धुकांवर पिवळेपणा सारखा आहे का? अन्नाची टंचाई असली तर मधल्या शिरेच्या डावीउजवीकडं चित्र साधारण सारखं उमटतं. एका बाजूला पिवळा डाग आणि दुसऱ्या बाजूला त्याच जागी हिरवं, असं वेडंवाकडं दिसलं तर वेगळ्याच, मोठ्या दुखण्याचा संशय घ्यावा लागतो. त्या दुखण्याकडं मी पुढं येतो.

आणि चौथ्या वेळी तिनं प्रश्न विचारलाच नाही. पान उलटं केलं. मी मनातल्या मनात ओरडलो, न फिरवल्यामुळे! इतके लोक महिनाभर त्या झाडाखालून गेले, पण पानाची मागची बाजू कुणी पाहिली नव्हती. कोळी, काळी माशी, खवले किडे यांचा सगळा संसार बहुधा तिथं असतो. पानावर काजळी धरते ना, विदर्भातले बागाईतदार तिला कोळशी म्हणतात, ती बुरशी वरच्या बाजूला दिसते, पण ती वाढते किड्यांनी गाळलेल्या चिकट गोडाव्यावर. वरून पान पुसत बसलात तर ते फक्त पुसलं जाईल. आमच्या झाडाच्या पानांमागं तसं काही नव्हतं. दोनचार पानांवर नागअळीच्या चंदेरी, नागमोडी रेघा होत्या आणि एका फांदीवर पक्ष्याच्या शिटेसारखं काहीतरी चिकटलेलं होतं. ती लिंबावरच्या फुलपाखराची लहान अळी निघाली. पुढं ती हिरवी होते आणि डिवचलं तर डोक्यामागून तांबूस शिंगं काढून घाण वास सोडते. त्या फांदीची पानं कडेनं कुरतडलेली होती. 'हा कुठला रोग?' मी विचारलं. 'हा रोग नाही मामा, हे जेवण आहे,' भाची म्हणाली.

पिवळी पानं होती ती शेंड्याची, कोवळी, शिरांची जाळी हिरवी आणि दोन्ही अर्धुकं सारखी. मी म्हटलं, 'म्हणजे लोह! मग ते खिळे...' तिनं मान हलवली. 'लोह मातीत भरपूर असेलही. ते झाडाला घेता येत नसेल. माती फार चुनखडीची झाली की लोह अडकून बसतं.' आणि मग पाचवा प्रश्न, 'गेल्या एकदोन वर्षांत या मातीत नवीन काय आलंय?'

हा प्रश्न झाडाला नव्हता. याचं उत्तर सोसायटीच्या इतिवृत्तात होतं. दोन वर्षांपूर्वी कुंपणाच्या भिंतीचं प्लॅस्टर खरवडून नवं केलं. निघालेला राडारोडा उचलायला टेंपोवाला फार पैसे मागत होता, म्हणून तो 'आवारातच योग्य ठिकाणी जिरवावा' असा ठराव झाला. योग्य ठिकाण म्हणजे लिंबाचं आळं. वर लाल माती पसरली, दिसायला छान झालं. त्याच वर्षी बागेला नळाऐवजी बोअरचं पाणी द्यायचंही ठरलं. बोअरचं पाणी इतकं जड, की बादलीला पांढरी पुटं चढतात. सिमेंट-चुन्याचं अंथरूण आणि क्षारांचं पांघरूण! आणि मधे ते झाड, ज्याच्या आजूबाजूला लोह असून एक घास तोंडात जात नाही.

आता इतकं जुळल्यावर मी असतो तर ताबडतोब सेक्रेटरींच्या दारावर टकटक केली असती. पण पोरगी म्हणाली, अजून नक्की नाही. आयुर्वेदात निदानाची पाच अंगं सांगितली आहेत, निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. त्यांतला उपशय मला फार आवडतो. दुखणं नीट ओळखू येत नसेल तर थोडा उपाय करून बघायचा, बरं वाटतं का ते पाहायचं आणि त्यावरून कारण ताडायचं. तिनं नेमकं तेच केलं. तीन फांद्यांना तीन रंगांचे दोरे बांधले. एकीच्या पानांवर हिराकस फवारला, लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम, आणि त्यात थोडं लिंबू पिळून, म्हणजे लोह विरघळलेलं राहतं. लिंबाच्या औषधात लिंबूच! दुसरीवर जस्ताचं पाणी. तिसरीवर नुसतं पाणी. माळीमामांना सांगितलं, रोज बघा.

दहाएक दिवसांनी माळीमामाच मला बोलवायला आले. लाल दोऱ्याच्या फांदीवर, जिथं जिथं हिराकसाचे थेंब बसले होते तिथं तिथं, पिवळ्या पानावर हिरवे ठिपके उमटले होते. बाकी दोन फांद्या होत्या तशाच. मातीचा नमुना तपासून आणला. मातीच्या आम्ल-विम्लपणाच्या मोजणीला आपल्याकडं 'सामू' म्हणतात. नाव कसं शेजारच्या मुलासारखं वाटतं. लिंबाला तो साडेसहा-सातच्या आसपास मानवतो. आमचा सामू आठाच्या वर गेला होता.

पुढच्या सभेत मी हे सगळं क्रमानं मांडलं. शांतता पसरली. कारण सापडलं होतं आणि ते ठरावासकट, सह्यांसकट सापडलं होतं. मला वाटलं, आता कुणीतरी दिलगिरीचे दोन शब्द बोलेल. सेक्रेटरी चष्मा पुसत म्हणाले, 'पण मग माळ्यानं हे तेव्हाच सांगायला नको होतं का?'

दाराशी उभे असलेले माळीमामा म्हणाले, 'सांगितलं व्हतं साहेब. राडारोडा झाडापाशी नको म्हनलो व्हतो. तुमी म्हनला, टेंपोचं भाडं वाचतंय.'

इतिवृत्तात नोंद झाली ती अशी : 'विषय क्रमांक पाच वगळण्यात आला. राडारोडा आळ्यात कसा गेला याची चौकशी करण्यासाठी तिघांची उपसमिती नेमण्यात आली.' ते तिघं म्हणजे मूळ ठरावाचे सूचक, अनुमोदक आणि अध्यक्ष.

हसू येतं खरं, पण मला त्या सभेत एक गोष्ट लख्ख दिसली. कारण शोधणं आणि आरोपी शोधणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि आपण दुसरं काम करत असतो तेव्हा पहिलं करतोय असं समजतो. आरोपी सापडला की शोध थांबतो, कारण ज्यासाठी शोध चालला होता ते मिळालेलं असतं. मिळालेलं असतं ते झाडाचं औषध नव्हे. 'मी नव्हे' हे प्रशस्तिपत्र. झाडाचं पान पुन्हा हिरवं झालं नाही तरी चालतं, आपलं मन हिरवं होतं. आणि खरं कारण समजल्यावरसुद्धा बोट वळतं ते पुन्हा त्याच जुन्या दिशेला, जशी बैलगाडी सवयीच्या चाकोरीत जाते.

तुम्ही म्हणाल, सोसायटीची कमिटी ती, तिच्याकडून अपेक्षा कसली करता? पण शहाण्यासुरत्यांचंही असंच होतं. मघाशी एका मोठ्या दुखण्याचा उल्लेख केला ना, त्याचं नाव ग्रीनिंग. चिनी भाषेतलं नाव ह्वांगलाँगबिंग, म्हणजे पिवळ्या फुटीचा रोग. दक्षिण चीनमधल्या संत्र्यांच्या बागा त्यानं झुरत होत्या. कारणं सांगितली जात होती ती ऐकलीत तर ओळखीची वाटतील. पाणी साचतं. खत कमी पडतं. मुळांना सूत्रकृमी लागतात. १९५६ साली लिन कोंगशियांग या शास्त्रज्ञानं आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यानं रोगी झाडाचे डोळे निरोगी झाडांवर बांधले, आणि निरोगी झाडं रोगी झाली. म्हणजे हा संसर्ग होता. आज आपल्याला ठाऊक आहे की तो एका जिवाणूचा आहे, आणि सायला नावाचा चिमुकला किडा तो झाडाझाडांत पोचवतो. पण तोवर ज्याची बाग सुकली त्या शेतकऱ्याला 'तूच पाणी साचू दिलंस' हे ऐकून घ्यावं लागलं असेल. त्याचं झाड तर गेलंच, वर अपराधही त्याच्याच पदरात पडला.

मग यावर उपाय म्हणजे कुणीच कुणाला काही म्हणू नये? काही सज्जन माणसं तसं मानतात. 'आपल्याला काय करायचंय' हे त्यांचं ब्रीद. मला तेही पटत नाही. ग्रीनिंगला अजून रामबाण औषध नाही. रोगी झाड वेळेवर ओळखून काढलं नाही तर ते शेजारच्या बागेला रोग देतं. अमेरिकेतल्या फ्लोरिडात हा रोग २००५ साली सापडला. २००३-०४ च्या हंगामात तिथं सुमारे २४ कोटी पेट्या संत्री निघाली होती, २०२२-२३ मध्ये १ कोटी ६० लाखांच्या आसपास. मधे वादळांनीही हात धुऊन घेतले, पण मुख्य दुखणं हेच. तिथं 'आपल्याला काय करायचंय' म्हणून गप्प बसणं हा विनय ठरत नाही. पण उलट बाजूही तितकीच खरी. जस्ताच्या टंचाईचं पान आणि ग्रीनिंगचं पान लांबून एकमेकांची भावंडं वाटतात. घाईनं निदान केलं तर चमचाभर जस्तावर बरं होणारं झाड कुऱ्हाडीखाली जायचं. म्हणून तर पानाची दोन अर्धुकं ताडून बघायची आणि शंका उरली तर प्रयोगशाळेत पाठवायचं. नागपूरला लिंबूवर्गीय फळांच्या संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र १९८५ साली सुरू झालं, ते काही उगीच नव्हे. नुसत्या पानांच्या पिवळेपणावर माणसं हयात घालवतात तिथं. आणि आपण जिन्यातून उतरताउतरता निकाल देतो!

झाडाची गोष्ट सोडा हो, माणसांचं बघा. शेजारच्या घरातला हसतखेळत असणारा मुलगा अबोल झाला. लगेच सुरू. मोबाईलमुळं. लाडामुळं. आई नोकरी करते म्हणून. आई नोकरी करत नाही, सारखी डोक्यावर बसलेली असते म्हणून. इथंही जास्त पाणी आणि कमी पाणी हे दोन पंथ तयार! नवी सून वाळली की माहेरचे सासरकडं बघतात आणि सासरचे तिच्या खाण्याच्या सवयींकडं. त्या घरात भरल्या ताटाशी बसून एखादीला घास गिळता येत नसेल, तिच्याभोवती कुणीतरी कधीतरी राडारोडा ओतून वर छान लाल माती पसरली असेल, हे सुचायला पान उलटावं लागतं. म्हणजे तिच्याजवळ बसावं लागतं, विचारावं लागतं आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहावं लागतं. हा शेवटचा भाग आपल्याला फार जड जातो.

मला वाटतं, दुसऱ्याच्या सुकण्याचं कारण सांगण्याचा अधिकार पदवीनं येत नाही, वयानं तर नाहीच. तो येतो एका साध्या अटीवर. आपण काढलेल्या कारणांच्या यादीत आपलं स्वतःचं नाव निघू शकेल, एवढी जागा यादीत सोडली आहे का? भाचीनं 'या मातीत नवीन काय आलंय' असं विचारलं, तेव्हा तिनं ती जागा सोडली. आमच्या कमिटीच्या यादीत ती जागा पहिल्यापासूनच भरलेली होती. ज्याच्या यादीत ही जागा असेल त्यानं खुशाल निदान करावं. तो चुकला तरी फांदीभरच चुकेल, आणि चुकल्याचं पहिलं त्यालाच कळेल. ज्याच्या यादीत नसेल त्यानं निदान बोट तरी खाली घ्यावं. दोन पेरं मातीत घालायला ते मोकळं राहील.

आळं माळीमामांनीच उपसलं. तीन पोती सिमेंटचे तुकडे निघाले. शेणखत घातलं, पाणी पुन्हा नळाचं झालं. नवी फूट हिरवी येते आहे, जुन्या फांद्यांचं अजून काही सांगता येत नाही. माळीमामा येतात, दोन तास काम करतात. काळी बाहुली अजून फांदीवर आहे आणि झाड सुधारल्याचं श्रेय ते मोकळेपणानं तिला देतात. मी एकदा त्यांना सामूची गोष्ट समजावून सांगायला लागलो. ते शांतपणे ऐकून घेत म्हणाले, 'तुमचं बी खरं हाय साहेब. पन नजर कुनाची व्हती, ते आता समद्यांनाच कळलंय न्हवं?'

उपसमितीचा अहवाल अजून यायचा आहे.